बाबांचं इंजेक्शन थोरल्याला का चालत नाही?

पत्राचा सारांश: घरात दोन कुत्रे आहेत. थोरला साडेदहा वर्षांचा. तो वर्षाचा असताना त्याची नसबंदी झाली. धाकटा दोन वर्षांचा, त्याची अजून केलेली नाही. महिन्याभरापूर्वी थोरल्याच्या लघवीतून रक्त येऊ लागलं, शी करताना तो कुंथू लागला. सोनोग्राफीत प्रोस्टेट मोठी झालेली आणि तिच्यात चुन्यासारखे ठिपके दिसले. लघवीच्या डीएनए तपासणीत ‘बीरॅफ उत्परिवर्तन आढळले’ असं आलं आणि डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. पत्रलेखकाच्या वडिलांना काही वर्षांपूर्वी याच नावाचा आजार झाला होता. हार्मोन बंद करणाऱ्या इंजेक्शनांवर ते आज चांगले हिंडतेफिरते आहेत आणि ‘माझं इंजेक्शन त्यालाही द्या’ म्हणतात. इकडे पत्रलेखकानं वाचलं की नसबंदी झालेल्या कुत्र्यांतच हा कॅन्सर जास्त होतो. तेव्हापासून त्यांना झोप नाही. त्यातच एका संशोधन गटानं थोरल्याची लघवी, रक्त, गाठीचा तुकडा आणि पुढे तो गेल्यावर ऊतींचे नमुने मागितले आहेत. बहिणीचं म्हणणं, ‘म्हाताऱ्या जिवाला प्रयोगाचा उंदीर करू नकोस.’ प्रश्न चार आहेत: हे माझ्यामुळे झालं का? बाबांचा उपचार याला का नाही? नमुने द्यावेत का? आणि धाकट्याचं काय करावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईघाईनं, कारण अशा पत्रात मी आधी एकच गोष्ट शोधते: कुत्र्याला लघवी होतेय की नाही. होतेय, बारीक धारेनं का होईना, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आपल्याला बोलायला वेळ आहे. मात्र ज्या दिवशी तो पाय उचलून उभा राहील, कुंथेल आणि थेंबही येणार नाही, त्या दिवशी कुणाचाही सल्ला वाचत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. मूत्रमार्ग पूर्ण तुंबला की मूत्रपिंडं थकतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचा ठोका चुकायला लागतो. कॅन्सरच्या आधी हे तुंबणंच जीव घेऊ शकतं.

आता बाबांचं म्हणणं. मला ते फार आवडलं, आणि त्यातच तुमच्या निम्म्या पत्राचं उत्तर दडलंय.

बाबांना जी इंजेक्शनं देतात ती काय करतात? वृषणांमध्ये टेस्टोस्टेरॉन तयार होणं थांबवतात. कुत्र्याच्या नसबंदीत काय करतात? आपण नसबंदी म्हणतो खरं, पण त्यात नस बांधून सोडून देत नाहीत, वृषणंच काढून टाकतात. म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा मोठा कारखाना कायमचा बंद. हिशेब लावून पाहा: बाबांच्या इंजेक्शनाचं काम थोरल्याच्या अंगात साडेनऊ वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. त्याची गाठ टेस्टोस्टेरॉन जवळपास नसलेल्या शरीरातच उगवली आणि वाढली. जे रसद खात नाही त्याची रसद तोडून काय होणार?

यात एक चमत्कारिक इतिहास आहे, तो बाबांनाही सांगा. शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स नावाचे शल्यविशारद होते. प्रोस्टेटचा स्राव मोजण्यासाठी ते कुत्र्यांवर अभ्यास करत. माणसाप्रमाणेच म्हाताऱ्या कुत्र्याचीही प्रोस्टेट वाढते आणि वृषणं काढली की ती आकसते, हे त्यांनी पाहिलं. तिथून ते माणसांकडे वळले आणि १९४१ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरचे रुग्ण हार्मोन तोडल्यावर सुधारतात हे त्यांनी दाखवलं. या कामासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. थोडक्यात, बाबांचा उपचार ज्या रस्त्यानं आला, त्या रस्त्याची सुरुवात कुत्र्यापासून झाली होती. पण कुत्र्यांमध्ये आकसत होती ती मुख्यतः साधी, म्हातारपणाची वाढ. कुत्र्याचा कॅन्सर या उपचाराला दाद देत नाही, हे पुढे कळत गेलं.

का देत नाही, हा प्रश्न आता रेणूंच्या पातळीवर विचारला जातोय. माणसाच्या प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा स्राव बनवणाऱ्या पेशींतून निघतो. त्या पेशींत अँड्रोजेनचं (टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनचं) ग्राही प्रथिन, म्हणजे हार्मोनची किल्ली बसते ते कुलूप, भरपूर असतं. शिवाय माणसांतल्या साधारण निम्म्या गाठींत दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली सापडतात. त्या जोडीमुळे हार्मोनवर चालणारं एक बटण पेशीवाढीच्या जनुकाला जाऊन लागतं. म्हणून हार्मोन काढलं की गाठ मलूल होते, निदान काही वर्षं तरी. कुत्र्याच्या गाठींत ही जोडी आढळलेली नाही. ते कुलूपही बहुतेकदा नसतं किंवा अगदी तुरळक असतं. कुत्र्याची गाठ बऱ्याचदा ग्रंथीतल्या नलिकांच्या किंवा प्रोस्टेटमधून जाणाऱ्या मूत्रमार्गाच्या अस्तरातून आल्यासारखी दिसते, इतकी की सूक्ष्मदर्शकाखालीही ‘ही प्रोस्टेटची की मूत्राशयाची’ हे सांगताना विकृतिशास्त्रज्ञ अडखळतात. नाव एक, अवयव एक, पण आजार वेगळा. आडनाव सारखं म्हणून दोन माणसं नातेवाईक ठरत नाहीत, तसंच.

जाता जाता बाबांच्या पीएसए तपासणीबद्दलही (पीएसए म्हणजे माणसाच्या प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन) सांगते, कारण ‘आधी रक्त तपासलं असतं तर’ हा विचार तुमच्या डोक्यात येणारच. कुत्र्याच्या शरीरात माणसासारखं पीएसए नसतं. त्याच्या प्रोस्टेटचं वेगळं एक प्रथिन रक्तात मोजता येतं, पण ते साध्या वाढीत चढतं. कॅन्सर ओळखायला त्याचा उपयोग होत नाही. तुम्ही काही चुकवलेलं नाही.

मग तुमच्या हातातला तो ‘बीरॅफ’ अहवाल काय सांगतो?

पेशीला बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला की तो आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोचतो. बीरॅफ हे त्या साखळीतलं एक प्रथिन. दारावरची घंटी समजा: कुणी बटण दाबलं तरच वाजायची. थोरल्याच्या गाठीत या प्रथिनाच्या ५९५ क्रमांकाच्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असायला हवं होतं, तिथे ग्लुटामिक आम्ल येऊन बसलंय. त्यामागे डीएनएतलं एकच अक्षर बदललंय, कुत्र्याच्या सुमारे २४० कोटी अक्षरांपैकी एक. तेवढ्यानं घंटीचं बटण आत अडकलं. दारात कुणी नसताना ती वाजतच राहते आणि पेशी विभागतच राहते. माणसात अगदी हाच बदल ६०० क्रमांकाच्या जागी होतो आणि त्वचेच्या मेलॅनोमा या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो सापडतो. गंमत म्हणजे माणसाच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये तो क्वचितच दिसतो. रेणूंच्या नजरेतून पाहिलं तर तुमच्या थोरल्याचं नातं बाबांपेक्षा मेलॅनोमाच्या एखाद्या अनोळखी रुग्णाशी जवळचं आहे.

कुत्र्यांच्या मूत्राशयाच्या आणि प्रोस्टेटच्या गाठींतला हा बदल २०१५ मध्ये पुढे आला. गाठीच्या पेशी लघवीत झडत असतात, त्यामुळे सुई न टोचता लघवीतून तो शोधता येतो, हेही त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या गटानं दाखवलं. तपासणीची युक्ती मजेशीर आहे. डीएनएचा नमुना सुमारे २० हजार सूक्ष्म थेंबांत विभागतात आणि कोणत्या थेंबात बिघडलेली प्रत आहे ते एकेक करून मोजतात. हजारो निरोगी प्रतींत लपलेल्या मोजक्या वाईट प्रतीही त्यामुळे सापडतात. याचा अर्थ नीट लक्षात ठेवा, कारण इथे अनेकांची गफलत होते. अहवाल होकारार्थी असेल तर या प्रकारचा कॅन्सर आहे, असं जवळजवळ खात्रीनं म्हणता येतं. नकारार्थी असेल तर कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही, कारण बऱ्याच गाठींत हा बदल नसतोच. आणि गाठ प्रोस्टेटची की मूत्राशयाची, हे ती तपासणी सांगत नाही. ते सोनोग्राफी सांगते. तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवताहेत. नसबंदी झालेल्या कुत्र्याची प्रोस्टेट लहानखुरी, आकसलेली असायला हवी. ती मोठी दिसणं आणि वर तिच्यात चुन्याचे ठिपके असणं म्हणजे जवळपास कॅन्सरच.

आता रात्रीची झोप घालवणारा प्रश्न.

तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. नेदरलँड्समधल्या २००२ च्या आणि अमेरिकेतल्या २००७ च्या अभ्यासांत नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर सुमारे दोन ते चार पट जास्त आढळला. पण ‘पट’ हा शब्द फसवा आहे. कशाच्या पट, हे विचारायला आपण विसरतो. शवविच्छेदनांच्या नोंदींनुसार नर कुत्र्यांत हा कॅन्सर सापडतो तो ०.२ ते ०.६ टक्क्यांत. समजा, नसबंदी न झालेल्या हजार कुत्र्यांत तिघांना होत असेल आणि नसबंदीनं धोका तिप्पट होत असेल, तर हजारात नऊ. उरलेल्या ९९१ कुत्र्यांचीही नसबंदी झालेलीच आहे, आणि त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला नाही. तुम्ही साडेनऊ वर्षांपूर्वी निर्णय घेतला तेव्हा तुमच्या समोर त्या हजारांपैकी कोणता कुत्रा उभा होता, हे कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

शिवाय ‘जास्त आढळला’ आणि ‘त्यामुळे झाला’ यांत अंतर आहे. सांभाळलेले, नसबंदी झालेले कुत्रे सरासरीनं जास्त जगतात, आणि हा आजार दहाव्या वर्षाच्या आसपासचा. जे जगतात त्यांनाच म्हातारपणाचे आजार होतात. वयाचा हिशेब लावूनही काही धोका उरतोच, तो मी झाकणार नाही. पण डच संशोधकांचा निष्कर्ष असा होता की नसबंदी गाठ सुरू करत नसावी. सुरू झालेल्या गाठीला पुढे जायला ती वाट देत असावी. घंटीचं बटण अडकलं ते पेशी विभागताना झालेल्या नकलेच्या चुकीनं. ती चूक तुम्ही केलेली नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीही नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘मीच त्याला आजारी केलं असं वाटतं.’ एक विचारू? तुमच्या कुत्र्याला हा आजार झालाच नसता, तर त्याच नसबंदीचं श्रेय तुम्ही स्वतःला दिलं असतं का? त्याला वृषणाची गाठ झाली नाही, प्रोस्टेट सुजून संसर्ग झाला नाही, मोकाट पळून तो गाडीखाली आला नाही, याबद्दल कधी स्वतःची पाठ थोपटलीत? बहुधा नाही. दोषाची वही काढायची तर जमेची बाजूही लिहावी लागेल. मी इतकी वर्षं कुत्र्यांच्या माणसांशी बोलतेय. अपराधी वाटणारी माणसं बहुतेकदा तीच असतात ज्यांनी सगळं वेळेवर केलेलं असतं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची पत्रं मला येत नाहीत.

उपचारांकडे येते. इथे मी थोडी निष्ठुर होणार आहे, कारण खोटी आशा महाग पडते. या गाठीवर पूर्ण बरा करणारा उपचार आज नाही. निदान होईपर्यंत ती बऱ्याचदा कमरेतल्या लसिकाग्रंथी, फुप्फुसं किंवा कमरेच्या मणक्यांपर्यंत गेलेली असते. म्हणून छातीचा एक्स-रे झाला नसेल तर आधी तो करून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं. प्रोस्टेट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मी सहसा सुचवत नाही. नंतर लघवीवरचा ताबा जातो आणि आजार बहुतेकदा आधीच पुढे गेलेला असतो.

जे हाताशी आहे त्यातलं सगळ्यात साधं औषध रेणूंच्या अभ्यासातूनच अर्थपूर्ण ठरलं. कुत्र्यांच्या या गाठींत कॉक्स-२ नावाचं विकर तयार होतं. निरोगी प्रोस्टेटमध्ये ते जवळपास नसतं. पायरॉक्सिकॅम, कारप्रोफेन अशी दाहशामक औषधं याच विकराला अडवतात. २००४ च्या एका अभ्यासात ही औषधं मिळालेल्या कुत्र्यांचं मध्यगत आयुष्य ६.९ महिने होतं, न मिळालेल्यांचं ०.७ महिने. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण मी तो जरा सावधपणेच घेते: तो जुन्या नोंदी चाळून केलेला अभ्यास होता आणि फारच वाईट अवस्थेतल्या कुत्र्यांना कदाचित औषध सुरूच झालं नसेल. तरीही वेदना कमी होतात, धार सुधारते, एवढ्यासाठीसुद्धा ते घ्यावं. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि मूत्रपिंडाची तपासणी करून. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून देऊ नका, कितीही दया आली तरी. त्यानं कुत्र्याच्या पोटात जखमा होऊ शकतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

त्यापलीकडे किरणोपचार आहेत, मूत्रमार्ग उघडा ठेवायला आत जाळीची नळी बसवता येते, आणि प्रोस्टेटला रक्त पुरवणारी धमनी आतूनच बंद करण्याची एक नवी पद्धत मोजक्या मोठ्या पशुरुग्णालयांत होते. यातलं काय झेपेल ते कुत्र्याच्या अवस्थेवर आणि तुमच्या आवाक्यावर ठरू द्या. झेपलं नाही म्हणून तुमचं प्रेम कमी पडलं, असा अर्थ काढू नका.

अडकलेल्या घंटीवरचं नेमकं औषध आहे का? मेलॅनोमासाठी व्हेमुराफेनिब नावाची गोळी अमेरिकेत २०११ पासून मान्य आहे. तिचं काम नेमकं त्या बिघडलेल्या बीरॅफला गप्प करणं. पर्ड्यू विद्यापीठात ती हाच बदल असलेल्या, मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या २४ कुत्र्यांना देऊन पाहिली. नऊ कुत्र्यांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. मग काही महिन्यांत गाठींनी दुसरी वाट शोधली. माणसांतही असंच होतं. घंटी बंद केली तर पेशी मागच्या दारानं निरोप मागवते. काही कुत्र्यांना औषधामुळे त्वचेवर नव्या गाठी आल्या, तेही माणसांसारखंच. हे मूत्राशयाचं झालं, प्रोस्टेटचं नव्हे, हे विसरू नका. म्हणून ‘उत्परिवर्तन सापडलं म्हणजे त्यावर गोळी आहे’ हा तुमचा समज मला मोडावा लागतोय. आज तरी त्या अहवालाचं मोल निदानात जास्त आहे, उपचारात कमी.

दुसरी एक वाट टोकियो विद्यापीठातून निघाली आहे आणि मला ती जास्त वेधक वाटते. कुत्र्यांच्या प्रोस्टेटच्या गाठींत रोगप्रतिकारक पेशींचा एक विशिष्ट गट घुसलेला असतो. त्याचं काम बाकीच्या सैनिकांना आवरणं. सीसीआर४ नावाच्या ग्राही प्रथिनाच्या आधारानं या पेशी गाठीकडे ओढल्या जातात. जपानमध्ये रक्ताच्या एका कॅन्सरसाठी २०१२ पासून वापरात असलेलं मोगामुलिझुमॅब हे औषध याच प्रथिनाला धरतं. ते प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या कुत्र्यांना दिल्यावर त्या आवरणाऱ्या पेशी कमी झाल्या आणि काही कुत्र्यांत गाठीवर परिणाम दिसला, असं या गटानं २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं. माणसांच्या काही प्रोस्टेट गाठींतही तशाच पेशी त्यांना आढळल्या. हगिन्स यांच्या काळात कुत्र्याकडून माणसाकडे आलेला रस्ता आता दोन्ही बाजूंनी वाहतोय.

आणि इथूनच तुमच्या बहिणीच्या रागाचं उत्तर सुरू होतं.

‘प्रयोगाचा उंदीर’ म्हणताना त्या ज्या चित्राला घाबरतात ते चित्र असं: निरोगी प्राण्याला मुद्दाम आजार द्यायचा आणि पाहत बसायचं. थोरल्याच्या बाबतीत आजार आपण दिलेला नाही, तो आपला आपण आलाय. या संशोधनात कुत्र्याला महत्त्व आहे ते यामुळेच. माणूस सोडला तर आपोआप आणि दखल घ्यावी इतक्या वेळा हा कॅन्सर होणारा मोठा सस्तन प्राणी कुत्राच. आपल्याच घरात राहतो, आपल्याच हवेत श्वास घेतो, म्हातारा होतो आणि मग आजारी पडतो. कुत्र्याचा जनुकसंच २००५ मध्ये वाचून झाल्यापासून गाठींची तुलना शक्य झाली. आणि माणसांत ज्यांच्यावर हार्मोनचा उपचार चालेनासा होतो, त्यांच्यातल्या काहींच्या गाठी कुत्र्याच्या गाठीसारख्या वागतात: कुलूप हरवलेलं, हाडांकडे धावणाऱ्या. थोरल्याची गाठ बाबांच्या आजाराची जुळी नाही हे मी वर सांगितलं. ज्या रुग्णांना बाबांसारखं नशीब लाभत नाही त्यांच्या आजाराशी मात्र तिचं साम्य आहे.

तरीही बहिणीचा प्रश्न फालतू नाही. तो मागितलेल्या नमुन्यांना एकेक करून विचारायचा: यासाठी त्याला जास्तीचा त्रास आहे का? लघवी: ती तो रोज करतोच, खुशाल द्या. रक्त: नेहमीच्या तपासणीसाठी काढतील तेव्हाच दोन थेंब जास्त घेऊ द्या, वेगळी सुई नको. गाठीचा तुकडा: इथे मी नाही म्हणेन. निदान पक्कं झालेलं असताना पोटातून सुई घालून तुकडा काढण्यानं त्याचं काही भलं होणार नाही, आणि या प्रकारच्या गाठीच्या पेशी सुईच्या वाटेवर रुजल्याची उदाहरणं आहेत. उपचारासाठी कधी भूल द्यावी लागली आणि तेव्हा लघवीच्या नळीवाटे पेशी मिळाल्या, तर उरलेल्या द्या. संशोधक भले असतील तर हा नकार त्यांना समजतो. नाही समजला तर बाकीचंही देऊ नका.

सही करण्यापूर्वी संमतीपत्र घरी आणून वाचा. मधेच माघार घेता येईल का, त्रास झाला तर खर्च कुणाचा, निष्कर्ष तुम्हाला कळवणार का, हे त्यात लिहिलेलं असावं. तोंडी आश्वासन धरू नका. आणि एक गोष्ट स्वतःशी कबूल करा: यातून थोरल्याला काहीही मिळणार नाही. ते मान्य असेल तरच द्या. कुठल्याशा सुप्त आशेनं दिलंत तर नंतर कडवटपणा येतो.

मृत्यूनंतरच्या नमुन्यांचा विषय सगळ्यात अवघड, पण शास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा आहे. जिवंतपणी मिळतो तो मूळ गाठीचा एखादा कण. ती गाठ हाडात, फुप्फुसात गेल्यावर तिच्या जनुकांत काय बदललं, हे फक्त शेवटीच पाहता येतं. यातली अडचण वेळेची आहे. कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद हे सांगणारं आरएनए मृत्यूनंतर काही तासांत विरायला लागतं, त्यामुळे नमुना लगेच गोठवावा लागतो. म्हणजे निर्णय त्या दिवशी रडत रडत घ्यायचा नाही. आत्ता घ्यायचा, कागदावर लिहायचा, डॉक्टरांकडे द्यायचा आणि विसरायचा. नको वाटत असेल तर ‘नको’ हेही आत्ताच लिहून ठेवा. दोन्ही उत्तरं योग्य आहेत. बहिणीला यात बोलवा. तिचा विरोध बहुधा संशोधनाला नाहीये, शेवटच्या क्षणी त्याच्याभोवती परकी माणसं असतील या कल्पनेला आहे. ती अट तुम्ही घालू शकता: आधी निरोप आपला, मग त्यांची पेटी.

धाकट्याबद्दल थोडक्यात. थोरल्याच्या आजाराला घाबरून त्याची नसबंदी टाळू नका, आणि केवळ रीत म्हणून उरकूही नका. नसबंदी न झालेल्या नरांत पाचसहा वर्षांनंतर बहुतेकांची प्रोस्टेट वाढते. ती वाढ साधी असली तरी रक्त, संसर्ग, कुंथणं हे सगळं तिच्यातूनही येतं. वृषणाच्या गाठीही असतात. तराजूच्या एका पारड्यात हे नेहमीचे आजार आहेत आणि दुसऱ्यात तो हजारातला दुर्मीळ. तुमच्या डॉक्टरांशी त्याची जात, वागणूक आणि घरातली सोय पाहून बोला, पण थोरल्याचं दुखणं जरा स्थिरावल्यावर. घाबरलेल्या महिन्यात घेतलेले निर्णय सहसा दुसऱ्याच कुणाबद्दल असतात. त्याची लघवीची बीरॅफ तपासणी आत्ता करून काही हाती लागणार नाही, दोन वर्षांच्या कुत्र्यात ती व्यर्थ आहे. स्कॉटिश टेरियर, शेटलंड शीपडॉग, बीगल अशा जोखमीच्या जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांसाठी तिचा विचार होतो. त्याऐवजी सातव्या वर्षापासून दर वर्षी डॉक्टरांना गुदमार्गातून बोटानं प्रोस्टेट चाचपायला सांगा. फुकटात होणारी तपासणी आहे, आणि कुत्रा सोडला तर कुणाची तक्रार नसते. शी चपटी, पट्टीसारखी होऊ लागली, मागचे पाय उचलताना तो कण्हू लागला किंवा लघवीला लाली आली, तर वर्षाची वाट पाहू नका.

राहिले बाबा. त्यांना इंजेक्शनाचं गणित समजावून सांगा, त्यांना ते पटेल. पण त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवू नका. थोरल्याच्या उपचारात एक काम रोज करावं लागणार आहे: दिवसातून किती वेळा पाय उचलला, धार कशी होती, रक्त होतं का, किती वेळ उभा राहिला, शी कशी झाली, जेवला किती, हे तारखेनिशी लिहायचं. औषध लागू पडतंय की नाही, नळी बसवायची वेळ आलीय का, आणि पुढे कधीतरी आता थांबावं का, हे डॉक्टर या वहीवरून जितकं ओळखतील तितकं सोनोग्राफीवरूनही नाही. ती वही बाबांकडे द्या. धार बारीक झाली म्हणजे काय, आणि ती परत मोठी झाल्यावर कसं वाटतं, हे तुमच्या घरात त्यांच्याइतकं कुणाला कळणार?